वही घेऊन शेजारी उभ्या राहा

प्रश्न

सिस्टरआक्का, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. गावाचं नाव छापू नका, सगळे ओळखतील. आमच्या भिंतीला भिंत लागून ज्यांचं घर आहे ते भाऊजी, वय ४७, गवंडीकाम करतात. रोप लागणीच्या दिवसांत भर दुपारी बांधावरच कोसळले. आधी खानापूरला नेलं, तिथून बेळगावला. मेंदूत रक्तस्राव झालाय म्हणाले. आज अकरावा दिवस, आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. वैनी तेव्हापासून दवाखान्यातून हललेल्या नाहीत. घरी म्हातारी सासू, मुलगी पीयूसी दुसऱ्या वर्षाला म्हणजे बारावीला, मुलगा सातवीत, दोन म्हशी, आणि अर्ध्या रानाची लागण तशीच राहिलेली.

मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळेला ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं, त्यांनी मान हलवली. अजून काहीच सांगितलेलं नाही. गावातून रोज कोणी ना कोणी ट्रॅक्स जीप भरून जातं. कोणी म्हणतं घरी आणा, अमक्या गावाला लकव्याचं औषध देतात. कोणी म्हणतं बिल वाढवायला मशीन लावून ठेवलंय. रात्री वैनी मला फोनवर विचारतात, तुला काय वाटतं गं? मी काय सांगू? मी फार शिकलेली नाही. माझं माहेर कित्तूरकडचं, घरात मराठी पण शाळा कन्नड, तीही दहावीपर्यंतच. पैशानंही आम्ही मोठे नाही. खरंच उपयोग होईल असं मी काय करू?

उत्तर

ताई, एक ओळ तुम्ही सहज लिहून पुढं गेलात आणि मी तिथंच थांबले. तुमची शाळा कन्नड. या घडीला त्या घराला पैशापेक्षाही ज्याची गरज आहे ते तुमच्याकडं आहे.

मी २९ वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची ११ आयसीयूत. आयसीयूच्या दारात दिवसातून एकदा, फार तर दोनदा, डॉक्टर बाहेर येतात. चार मिनिटं बोलतात. बेळगावात मराठी बोलणारे डॉक्टर पुष्कळ आहेत, पण रात्रपाळीचा डॉक्टर मुलगा बागलकोट-विजापूरकडचा असतो, त्याचं निम्मं कन्नड, निम्मं इंग्रजी. पुढं केलेला कागद कन्नडात नाही तर इंग्रजीत. समोर बाई मराठी शाळेची, तीन रात्री न झोपलेली. ती ‘हूं, हूं’ म्हणते आणि बोट दाखवलं तिथं सही करते. ती सही मीही शेकडो बायकांकडून घेतली. त्यांना काय कळलं हे विचारायला मला दर वेळी वेळ नसे, आणि याची खंत मला आजही आहे.

मग २०११ साली मी त्या दाराच्या बाहेर उभी राहिले. पेशंट आत घेताना आम्ही अंगावरचं सगळं काढतो. अंगठी, कानातली बाळी, ताईत. करदोटा कात्रीनं कापतो. गॉजच्या तुकड्यात बांधून, चिकटपट्टी लावून, वर नाव लिहून घरच्यांच्या हातात देतो. माझ्या हातून अशा किती पुरचुंड्या गेल्या असतील. त्या रात्री माझ्या यजमानांची पुरचुंडी माझ्या मुठीत आली. छातीत कळ आली म्हणून नेलं होतं, हार्ट ॲटॅक निघाला. डॉक्टर येऊन बोलून गेले. पाच मिनिटांनी माझ्या दिरानं विचारलं, काय म्हणाले? आणि मला सांगता येईना. बावीस वर्षं त्याच कामात मुरलेली बाई मी, शब्द सगळे ओळखीचे, पण डोक्यात एकही टिकला नव्हता.

आमच्या वडगावातल्या शेजारणीच्या घरी माग आहेत. कुठल्या मालकाच्या किती साड्या उतरल्या त्याची तिची एक वही असते. सकाळी ती वहीच घेऊन आली. डॉक्टर आले तशी माझ्या शेजारी उभी राहिली आणि साड्यांच्या हिशेबाखाली लिहायला लागली. ते पान माझ्याजवळ अजून आहे. ‘डावीकडची नळी बंद. उद्या सकाळी ॲन्जिओ. रात्री १० नंतर काही देऊ नका. सही दिराची चालेल. रक्त पातळ करायचं औषध चालू, म्हणून हिरड्यातून रक्त येईल, भिऊ नका.’ तिचं शिक्षण चौथी. त्या पानानं मला जेवढा धीर दिला तेवढा कुणाच्या बोलण्यानं दिला नाही. यजमान पुढं सहा वर्षं माझ्यासोबत होते.

तेव्हा ताई, दोनशे पानी वही घ्या आणि डॉक्टर बोलायच्या वेळेला वैनींच्या शेजारी उभ्या राहा. रोज जमणार नाही, एका दिवसाआड जमवा. कर्नाटकात महिलांना साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. वेळ कुठली ते आयसीयूच्या सिस्टरला विचारून घ्या, ती सांगते. कन्नडात विचारलंत तर आणखी आपुलकीनं सांगेल.

वहीत पहिल्या पानावर त्यांचं नाव, वय, दाखल केल्याची तारीख-वेळ, आधीपासून काय औषधं चालू होती (बीपीची गोळी मधेच सोडली होती का, हेही, लपवू नका), कशाची ॲलर्जी. पुढं रोजचं एक पान. डॉक्टरांना फार विचारायचं नसतं. कालच्यापेक्षा आज काय बदललं? स्वतःहून श्वास घेतात का, मशीन किती कमी केलं? उद्या काय करणार आणि कशासाठी? तेवढं पुरे. शुद्धीचे ते ३ ते १५ असे गुण धरतात, १५ म्हणजे पूर्ण जागा माणूस. तोंडात नळी असेपर्यंत बोलण्याचे गुण धरता येत नाहीत, म्हणून आकडा लहान दिसला की लगेच रडू नका. झोपेचं औषध चालू आहे का, तेही विचारा. पुष्कळदा माणूस डोळे उघडत नाही त्यात औषधाचाही वाटा असतो.

एक जपा. डॉक्टर बोलले तेवढंच मराठीत सांगायचं. वाईट वाटेल म्हणून गाळायचं नाही, बरं वाटावं म्हणून घालायचं नाही. ‘अजून धोका आहे’ म्हणाले तर ‘अजून धोका आहे’ हेच शब्द. हे जड जातं. मी माणसं पाहिलीत, प्रेमापोटी गोड करून सांगितलं आणि चार दिवसांनी त्या बाईचा सगळ्यांवरचाच विश्वास उडाला.

आता मशीनचं. मेंदूत रक्त उतरलं की आत सूज येते, माणूस गुंगीत जातो, जीभ मागं पडते, थुंकीसुद्धा श्वासनळीत उतरते. म्हणून तोंडातून नळी घालून श्वास मशीनवर देतात. ते उगाच लावलेलं नसतं. पण मनात शंका आली असेल तर बाकड्यावर कुजबुजण्यापेक्षा सरळ विचारा, ‘डॉक्टर, मशीन कधी कमी करायचा विचार आहे?’ असं विचारण्यात अपमान नाही.

अकरा दिवस झालेत म्हणता, तर बहुधा एवढ्यात गळ्याला छोटं छिद्र पाडून तिथून नळी घालायची गोष्ट निघेल. ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. हे ऐकून घरची माणसं हंबरडा फोडतात, ‘गळा कापणार’ म्हणून. मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही वैनींना सांगाल. तोंडातली नळी जास्त दिवस राहिली की घशाला जखम होते, तोंड स्वच्छ ठेवता येत नाही. गळ्याच्या नळीनं कफ काढणं सोपं जातं, झोपेचं औषध कमी करता येतं, मशीन सोडवायला मदत होते. माणूस सुधारला की ती काढतात आणि छिद्र बुजतं. त्या दिवशी मात्र तुम्ही तिथं असाच, आणि कागद पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय सही होऊ देऊ नका.

गावठी औषधाचं मी हात जोडून सांगते. लकवा झालेल्या माणसाला गिळताना घास नीट उतरतोच असं नाही. तोंडातून दिलेलं पाणी, काढा, अंगाऱ्याचं तीर्थसुद्धा फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. मेंदूतून वाचलेली माणसं अशी छातीनं गेलेली मी पाहिली आहेत. तीर्थ द्यायचंच असेल तर कपाळाला लावा. आमच्यातली कुठलीच सिस्टर त्याला नाही म्हणत नाही.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाही, पण ते घर त्याच्यात बुडालेलं असणार. त्यांचं रेशनकार्ड कुठलं ते बघा. बीपीएल असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत घराला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. एपीएल असेल तर ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. एरवी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, तातडीच्या वेळेला चिठ्ठीवाचून दाखल करून घेता येतं. पण दवाखाना योजनेत असला पाहिजे आणि रेशनकार्ड, आधार वेळेवर दाखवलं पाहिजे. भरलेले पैसे मागाहून सोडवणं फार कठीण. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं टेबल असतं, उद्याच जाऊन विचारा. महाराष्ट्र सरकारनंही २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला. तुमचं गाव त्यात आहे का आणि त्या दवाखान्यात ती चालते का, दोन्ही विचारून मगच भरवसा धरा.

पैसे अगदीच संपले, तर ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेतो’ अशी सही करून घरी आणायचा सल्ला देणारे भेटतील. व्हेंटिलेटरवरचा माणूस घरी आणणं म्हणजे काय, ते त्यांना माहीत नसतं. त्याऐवजी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आमची ऐपत संपली, सिव्हिलला बेड आहे का बघा. एका डॉक्टरनं दुसऱ्याशी बोलून, व्हेंटिलेटरच्या ॲम्ब्युलन्समधून नेलेला पेशंट सुखरूप पोचतो. गावानं वर्गणी काढली असेल तर नोटा वैनींच्या हातात देऊ नका, त्या रात्री बाकड्यावर झोपतात. औषधांच्या पावत्या वहीत चिकटवा. न वापरलेली, न फोडलेली औषधं बिल दाखवून दवाखान्याच्या मेडिकलमध्ये परत करता येतात का, विचारा. हजार-दोन हजार असेच सुटतात.

रोजच्या ट्रॅक्सचं काय करायचं ते गावातल्या जाणत्या माणसाला मधे घालून ठरवा. माणसं मायेनं येतात, त्यांना दुखवू नका. पण आत एकालाच सोडतात, आणि वैनींना बांधावर काय झालं ते रोज वीस वेळा सांगावं लागतं. दर सांगण्याला ती दुपार त्यांना पुन्हा भोगावी लागते. संध्याकाळी सातला तुम्ही वहीतल्या दोन ओळी गावाच्या ग्रुपवर टाका. ज्यांना यायचंच आहे त्यांच्यातल्या जवान पोरांना रक्तपेढीत पाठवा. वय १८ पूर्ण, वजन ४५ किलोच्या वर, आणि मागच्या रक्तदानाला पुरुषाला तीन महिने, बाईला चार महिने झालेले असावेत.

आणि ट्रॅक्सच्या डिझेलचे पैसे लागणीला वापरा. तरवा कुणाची वाट बघत नाही, महिन्याच्या वर गेला की रोप जून होतं. पैऱ्यानं, एकमेकींच्या रानात आळीपाळीनं राबतो तशा, दहा बायका एक दिवस त्या रानात उतरल्या तर वैनींचं वर्षाचं भात वाचेल. ‘काही लागलं तर सांगा’ याला त्यांनी मान हलवली, कारण काय लागतंय हे शोधायचं कामही तुम्ही त्यांनाच दिलंत. मी रागावत नाही, सगळे तसंच म्हणतात. पुढच्या वेळी जाऊन सांगा, ‘म्हशींची धार मी काढते, डेअरीचं कार्ड माझ्याकडं आहे. लागण झाली. सासूबाईंची बीपीची गोळी मी देते.’ बघा, त्या तुमचा हात धरतील.

मुलीकडं लक्ष असू द्या. अशा घरात पहिल्यांदा तिचंच शिकणं मोडतं, कुणी न सांगता. स्वयंपाक, आजी, भाऊ, म्हशी, सगळं तिच्यावर. पीयूसीला ७५ टक्के हजेरी लागते. कॉलेजात जाऊन प्राचार्यांच्या कानावर घाला, आणि सकाळची भाकरी तुमच्याकडून जाऊ द्या. सातवीतल्या पोराला बाबांबद्दल खरं सांगा, त्याला पेलेल एवढं. त्याला खोटं कळतं.

वैनी रात्री विचारतात ना, तुला काय वाटतं? उत्तर देऊ नका. ‘मला कळत नाही वैनी, पण हेच उद्या डॉक्टरांना विचारू, मी लिहून ठेवलंय’ म्हणा. आणि जेवण विचारा. आमच्या वॉर्डात गदगकडची एक सिस्टर होती, ड्युटीवर आली की आधी बाहेरच्या बाकांवरून फिरायची, एकेकाला ‘ऊट आतेन्री?’ म्हणजे ‘जेवण झालं का?’ विचारत. कन्नड न येणाऱ्यांनाही तेवढं कळायचं. खानापूर-जांबोटीकडच्या म्हाताऱ्या तिची वाट बघत बसायच्या.

आत भेटायला सोडतील तेव्हा वैनींना सांगा, हात धुऊन त्यांच्या उजव्या-डाव्या, ज्या बाजूला हालचाल आहे तो हात धरून नेहमीच्या आवाजात बोला. म्हशीनं किती दूध दिलं, पाऊस कसा आहे. ऐकू जातं की नाही हे छातीठोक सांगता येत नाही, पण आम्ही सगळ्या जणी पेशंटशी बोलतच सुई टोचायचो. हातापायांचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि लिहून ठेवा. भाऊजी वाचले तर दवाखान्यातून सुटल्यावर खरं काम सुरू होईल. दर दोन तासांनी कूस बदलणं, नळीतून पातळ आहार, हवेची गादी. सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत जास्त होते. तोवर गावातल्या ट्रॅक्स थांबलेल्या असतील. तुमची भिंत मात्र त्यांच्या भिंतीला लागूनच आहे, म्हणून हे सगळं तुम्हालाच लिहिते आहे.

प्रश्न

आक्का, माझे वडील ७२ वर्षांचे, निपाणीजवळ राहतो. परवा सकाळी चहा पिताना त्यांचं तोंड एका बाजूला गेलं, बोलणं बोबडं झालं. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. आई म्हणते वारं लागलं. ते आता शेतातही जातात. दवाखान्यात न्यायची गरज आहे का?

उत्तर

तुमचं पत्र हाती पडलं तसा मी पत्राखाली दिलेल्या तुमच्या नंबरवर फोन केला, छापून यायची वाट बघितली नाही. तुम्ही त्याच दिवशी त्यांना कोल्हापूरला नेलंत, बरं केलंत. इतरांसाठी लिहिते.

हा वाऱ्याचा प्रकार नाही. मेंदूची नळी थोडा वेळ बंद होऊन उघडली. याच्या मागोमाग मोठा झटका येऊ शकतो, आणि पहिले दोन दिवस सगळ्यात धोक्याचे. बरं वाटलं तरी त्याच दिवशी तपासून घ्यायचं.

आणि तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, बोलणं अडखळलं आणि ते तसंच राहिलं, तर घड्याळ बघा. माणूस शेवटचा नीट कधी बोलत-चालत होता ती वेळ कागदावर लिहा, दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो. गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही अशी खात्री झाल्यावर. म्हणून सीटी स्कॅन असेल तिथंच न्या. १०८ ला फोन करा. वाटेत चहा नको, पाणी नको, घरातली बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी नको. कुशीवर झोपवा.

वडिलांच्या गोळ्या आता बंद करू नका, आणि पुढच्या तपासणीची तारीख मला कळवा.